रक्त बदललं की औषधाचा हिशेब बदलतो

अपस्माराच्या झटक्यांसाठी रोज फेनिटॉइन घेणारा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. औषध नीट लागू पडलंय, रक्तातली पातळी दर लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे, झटके बंद आहेत. मग अपघात होतो, बरंच रक्त जातं, आणि रक्ताऐवजी त्याला ऑक्सिजन वाहून नेणारा एक कृत्रिम द्रव दिला जातो. जीव वाचतो. काही दिवसांनी पुन्हा पातळी तपासली, तर अहवालात आकडा येतो साडेपाच. गोळ्या तेवढ्याच, वेळ तीच, पातळी मात्र जवळपास निम्मी. साहजिकच मात्रा वाढवावीशी वाटते. आणि ती वाढवली तर त्याच रुग्णाला तोल जाणं, डोळे भिरभिरणं, गुंगी येणं अशी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात.

मूळ औषध कमी झालेलंच नव्हतं, मग आकडा का उतरला? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की बाकीचा विषय बराच सोपा होतो. पण त्याआधी कृत्रिम रक्त म्हणजे काय ते पाहू.

'कृत्रिम रक्त' हे नाव जरा जास्तच उदार आहे. आजवर बनलेला कोणताही पर्याय रक्ताची सगळी कामं करत नाही. जंतूंशी लढणं, रक्त गोठवणं, संप्रेरकं वाहून नेणं हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तो फक्त ऑक्सिजन वाहतो आणि रिकाम्या झालेल्या रक्तवाहिन्या भरतो. म्हणून 'ऑक्सिजनवाहक द्रव' हेच नाव जास्त प्रामाणिक. त्याची मुख्य घराणी दोन.

पहिलं हिमोग्लोबिनचं. जुन्या किंवा मुदत संपलेल्या रक्तातून, नाहीतर गाईच्या रक्तातून हिमोग्लोबिन वेगळं काढायचं आणि शुद्ध करून शिरेतून द्यायचं. पण पेशीबाहेर आलेल्या हिमोग्लोबिनच्या रेणूचे दोन तुकडे होतात, ते मूत्रपिंडातून गळतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. म्हणून रेणू रसायनांनी एकमेकांना सांधतात. हिमोप्युअर हे गाईच्या हिमोग्लोबिनपासून बनवलेलं उत्पादन याच पद्धतीचं. दक्षिण आफ्रिकेत २००१ साली त्याला परवानगी मिळाली.

दुसरं घराणं परफ्लुरोकार्बनचं. कार्बन आणि फ्लोरिन यांच्या या द्रवांत ऑक्सिजन भरपूर विरघळतो. १९६६ साली लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी ऑक्सिजनने भरलेल्या अशा द्रवात उंदीर बुडवून ठेवला आणि तो द्रवातच श्वास घेत जिवंत राहिला. दोन वर्षांनी रॉबर्ट गायर यांनी उंदरांचं रक्त जवळजवळ पूर्ण काढून त्याजागी परफ्लुरोकार्बनचं मिश्रण भरलं, आणि ते उंदीर जगले. हा द्रव पाण्यात मिसळत नाही. म्हणून दुधात स्निग्धांशाचे थेंब तरंगतात तसे त्याचे बारीक थेंब करावे लागतात आणि थेंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती पायसकारकाचं, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण टिकवून धरणाऱ्या पदार्थाचं, वेष्टन असतं. जपानच्या ग्रीन क्रॉस कंपनीचं फ्लुओसोल याच प्रकारचं. अमेरिकेत १९८९ साली हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी त्याला मान्यता मिळाली, पण ते गोठवून ठेवायचं, वितळवायचं, मग मिसळायचं, अशी कटकट होती आणि १९९४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

यांच्याखेरीज एक मधला मार्ग आहे. हिमोग्लोबिन तसंच मोकळं न सोडता मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरायचं. जपानमधले संशोधक यावर अनेक वर्षं काम करत आहेत आणि मला सगळ्यात आशा वाटते ती याच दिशेबद्दल. त्याकडे शेवटी येऊ.

बांधलेलं आणि मोकळं

औषध रक्तात गेलं म्हणजे ते पाण्यात साखर विरघळावी तसं सगळीकडे सारखं पसरतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बरीच औषधं रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात, मुख्यतः अल्ब्युमिनला. दावणीला बांधलेली जनावरं आणि रानात मोकळी सोडलेली जनावरं यांच्यात जो फरक, तोच इथे. दावणीवरचं औषध रक्तवाहिनीबाहेर पडत नाही, मेंदूपर्यंत पोचत नाही, परिणाम करत नाही आणि यकृताच्याही सहज हाती लागत नाही. काम करतं ते मोकळं औषध. दोन्हींमध्ये सतत देवाणघेवाण चालू असते. मोकळं संपायला लागलं की दावणीवरचं सुटतं.

फेनिटॉइन सुमारे ९० टक्के बांधलेलं असतं. म्हणजे १० मिलिग्रॅममधलं ९ दावणीवर आणि १ मोकळं. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन तर ९९ टक्के बांधलेलं.

आता रक्त गेलं आणि त्याजागी अल्ब्युमिन नसलेला द्रव आला. समजा अल्ब्युमिन निम्मं झालं. दावणीच निम्म्या झाल्या. मोकळ्या १ मिलिग्रॅममागे आता ९ ऐवजी साडेचारच बांधलं जातं. म्हणजे मोकळ्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेलं. पहिल्या काही तासांत मोकळं औषध थोडं वाढतं खरं, पण वाढलेलं मोकळं औषध ऊतींमध्ये पसरतं आणि यकृतही ते अधिक वेगाने संपवतं. यकृताची स्वतःची ताकद बदलली नसेल आणि रोजची मात्रा तीच असेल, तर काही दिवसांत मोकळं औषध पुन्हा १ मिलिग्रॅमवर येऊन स्थिरावतं. बांधलेलं साडेचार, मोकळं एक, एकूण साडेपाच.

प्रयोगशाळेने सांगितलेला आकडा हाच. नेहमीची तपासणी एकूण औषध मोजते, मोकळं किती ते सांगत नाही. मेंदूला मिळणारं औषध होतं तेवढंच आहे, कमी झाल्यात त्या दावणी. त्यात फेनिटॉइनचा आणखी एक स्वभाव असा की त्याला मोडणारी यकृतातली यंत्रणा लवकर भरून जाते. त्यामुळे मात्रा थोडी वाढवली तरी पातळी एकदम उसळते. अशा रुग्णात मोकळ्या औषधाची वेगळी तपासणी मागवणं हाच बरोबर मार्ग. ती तपासणी अस्तित्वात आहे, फक्त ती मागवायचं सुचलं पाहिजे.

सगळ्या औषधांना हे लागू नाही. जेंटामायसिन हे प्रतिजैविक प्रथिनांना जवळपास चिकटतच नाही, त्यामुळे दावणी घटल्या तरी त्याला फरक पडत नाही. त्याचा प्रश्न वेगळाच. ते शरीरातल्या पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतं आणि मूत्रपिंडातून जातं. भरपूर द्रव दिला की त्याची शिखर पातळी खाली येते. मूत्रपिंडावर ताण आला की ते जास्त वेळ रेंगाळतं, आणि ते स्वतःच मूत्रपिंडाला त्रासदायक आहे.

तांबड्या पेशीही गोदाम असतात

औषधं प्रथिनांवर बसतात हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. तांबड्या पेशींची आठवण मात्र फार कमी जणांना होते. अवयव प्रत्यारोपणानंतर घ्यायचं टॅक्रोलिमस हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. रक्तातल्या टॅक्रोलिमसचा बहुतांश भाग तांबड्या पेशींच्या आत बसलेला असतो. म्हणून त्याची पातळी रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या पातळ भागात, न मोजता संपूर्ण रक्तात मोजतात. क्लोरथॅलिडोन हे रक्तदाबावरचं औषध तांबड्या पेशींतल्या कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमला चिकटून बसतं. ते इतके दिवस टिकतं त्याचं एक कारण हेच.

पेशी गेल्या आणि त्यांच्या जागी सांधलेलं हिमोग्लोबिन आलं, तर ऑक्सिजनची सोय झाली, पण गोदामातला माल रक्तस्रावाबरोबर बाहेर गेला आणि नव्या द्रवात ते गोदामच नाही. शुद्ध केलेल्या हिमोग्लोबिनमध्ये कार्बोनिक अनहायड्रेज नसतं. इथेही फेनिटॉइनसारखाच चकवा आहे. तांबड्या पेशी कमी झाल्या की टॅक्रोलिमसची संपूर्ण रक्तातली पातळी घसरते, पण मोकळ्या औषधाची पातळी तेवढी घसरलेली नसते. आकड्याच्या मागे धावून मात्रा वाढवली की त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो.

परफ्लुरोकार्बनची तऱ्हा निराळी. हा द्रव पाण्यात मिसळत नाही आणि तेलातही फारसा मिसळत नाही, म्हणून बहुतेक औषधं थेंबाच्या पोटात शिरत नाहीत. पण थेंबाभोवतीच्या वेष्टनात अंड्याच्या बलकातले फॉस्फोलिपिड असतात आणि मेदात विरघळणारी औषधं तिथे बसू शकतात. परफ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतो. नळीतलं रक्त यंत्रात गरगर फिरवलं की हे थेंब तांबड्या पेशींच्याही खाली तळाशी बसतात. म्हणजे त्यांना चिकटलेलं औषध तळाशी गेलं, आणि आपण मोजतो वरच्या रक्तद्रवातलं!

भुलीच्या वायूंचं मात्र वेगळं आहे. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखे वायू परफ्लुरोकार्बनमध्ये चांगले विरघळतात. रक्तात वायू जितका जास्त मावतो तितका तो मेंदूकडे जायला वेळ लावतो, कारण आधी रक्त भरावं लागतं. भूल सावकाश चढते, आणि उतरायलाही तोच नियम.

दाब वाढला, प्रवाह नाही

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि माणसांचे जीव गेल्यावर ती नीट कळली आहे.

रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि त्याने वाहिन्या सैल राहतात. हिमोग्लोबिन हा वायू अधाशासारखा पकडतं. पेशीच्या आत बंद असताना त्याला तशी संधी कमी मिळते. मोकळं हिमोग्लोबिन मात्र थेट अस्तराला भिडतं, वायू टिपून घेतं आणि वाहिन्या आवळतात. रक्तदाब चढतो. पडद्यावर आकडा सुधारलेला दिसतो, पण आवळलेल्या वाहिन्यांतून हृदय कमी रक्त ढकलत असू शकतं.

बॅक्स्टर कंपनीच्या हिमअसिस्ट या उत्पादनाची चाचणी गंभीर जखमी रुग्णांवर झाली आणि १९९८ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. ज्यांना ते दिलं त्या ५२ रुग्णांपैकी २४ दगावले, ज्यांना सलाईन दिलं त्या ४६ पैकी ८. पुढे २००८ मध्ये अशा पाच उत्पादनांच्या १६ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ३,७११ रुग्णांच्या त्या आढाव्यात मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. या आकड्यांमागची माणसं मदतीच्या आशेने आलेली होती, हे मी विसरू शकत नाही.

औषधांच्या दृष्टीने या आवळण्याचा अर्थ काय? काही औषधं यकृतातून एका फेरीतच बरीचशी गाळली जातात. हृदयाची लय बिघडल्यावर देतात ते लिडोकेन त्यांतलं. यकृतात मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं आणि त्यातलं सुमारे ७० टक्के लिडोकेन तिथेच संपतं. म्हणजे मिनिटाला जवळपास एक लिटर रक्त लिडोकेनमुक्त होतं. प्रवाह एका लिटरवर आला, तर ही सफाई ७०० मिलिलिटरच्या आसपास येते. मात्रा तीच ठेवली तर लिडोकेन साचत जातं, आणि जास्त झालेलं लिडोकेन मेंदूला झटके आणतं. मॉर्फिन आणि प्रोप्रॅनोलॉल यांचीही सफाई अशीच प्रवाहावर चालते. फेनिटॉइन, वॉरफरिन यांना प्रवाहाची फारशी पर्वा नसते, त्यांना एन्झाइमांची ताकद आणि मोकळं प्रमाण महत्त्वाचं. एकाच द्रवाने एका औषधाची मात्रा कमी करावी लागते आणि दुसऱ्याची करावी लागत नाही, ते म्हणूनच.

पहिला दिवस आणि आठवा दिवस

यकृतात औषधं मोडणारी एन्झाइमं म्हणजे सायटोक्रोम पी-४५० हे कुटुंब. त्यांना काम करायला ऑक्सिजन लागतो. जबर रक्तस्रावात यकृताला ऑक्सिजन कमी पडतो, त्यांचं काम मंदावतं आणि औषधं रेंगाळतात. ऑक्सिजनवाहक द्रवाने ऑक्सिजन परत आला तर ते सुधारायला हवं, पण उपाशी राहिलेल्या ऊतीत अचानक ऑक्सिजन आला की तिची वेगळी हानीही होते.

परफ्लुरोकार्बनची गंमत पुढे सुरू होते. शरीर ते मोडू शकत नाही. ते हळूहळू फुप्फुसांतून वाफ होऊन श्वासाबरोबर बाहेर जातं, तोवर यकृत आणि प्लीहेत साठून राहतं. फ्लुओसोलमधल्या दोन घटकांपैकी परफ्लुरोडेकॅलिन काही दिवसांत जातं, पण परफ्लुरोट्रायप्रोपिलअमाइनचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, ६५ दिवसांच्या आसपास आहे. यकृतात बसलेलं परफ्लुरोडेकॅलिन, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं तसं, पी-४५० एन्झाइमं वाढवतं, अगदी फेनोबार्बिटल हे झटक्यांवरचं जुनं औषध वाढवतं तशी.

म्हणजे पहिल्या दिवशी औषध जास्त टिकेल अशी भीती आणि आठव्या दिवशी ते वेळेआधी संपेल अशी. एकदा मात्रा ठरवून विसरून जाणं इथे चालत नाही.

साठवण यकृतात होते ती कुप्फर पेशींमुळे. रक्तातले परके कण टिपणाऱ्या या पेशी परफ्लुरोकार्बनचे थेंबही गिळतात आणि हिमोग्लोबिन भरलेल्या मेदपिशव्याही. आता काही औषधंच अशा मेदपिशव्यांतून देतात, उदाहरणार्थ बुरशीच्या गंभीर संसर्गावरचं अँफोटेरिसिन. त्यांनाही याच पेशी उचलतात. एकाच दारात दोन गर्दी झाल्या की कोणाला किती वेळ थांबावं लागेल हे नव्याने मोजावं लागतं. त्यात मेदपिशव्यांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण असेल, तर पहिल्या डोसनंतर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि काही दिवसांनी दिलेला दुसरा डोस झपाट्याने साफ होतो.

औषधाचाही द्रवावर परिणाम होतो

हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की ते मेथिमोग्लोबिन होतं आणि ऑक्सिजन वाहू शकत नाही. तांबड्या पेशीत ते दुरुस्त करणारी एन्झाइमं असतात. मोकळ्या हिमोग्लोबिनला ही सोय नाही. आणि डॅप्सोन, प्रिलोकेन, बेंझोकेन, नायट्राइट ही औषधं नेमकं हेच ऑक्सिडीकरण वाढवतात. एरवी पेशी निस्तरते तो त्रास इथे वाढत जाऊ शकतो. मेथिमोग्लोबिनवरचा नेहमीचा उपाय मेथिलिन ब्लू, पण तोही पेशीतल्या यंत्रणेच्या आधाराने काम करतो. क जीवनसत्त्वाला तसा आधार लागत नाही. नायट्रोग्लिसरिनचं काम तर नायट्रिक ऑक्साइडवरच चालतं, आणि मोकळं हिमोग्लोबिन तो टिपत असतं, म्हणून त्याच्या परिणामाचा अंदाजही नव्याने बांधावा लागतो.

तपासण्यांचंही ऐका. मोकळ्या हिमोग्लोबिनमुळे रक्तद्रव लालभडक होतो. बिलिरुबिन, क्रिएटिनिन अशा बऱ्याच तपासण्या रंगाच्या तीव्रतेवर मोजल्या जातात. लाल रंगात त्या चुकतात, आणि यकृत-मूत्रपिंडाची हालत पाहून मात्रा ठरवायची तर नेमके तेच आकडे हवे असतात.

सगळ्यात मोठी अडचण अशी की द्रव ज्याला लागतो तो माणूस आधीच सामान्य नसतो. रक्तस्रावाने, शस्त्रक्रियेने, जखमेने त्याचं यकृत, मूत्रपिंड, प्रथिनं बदललेली असतात. जखमेनंतर अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन वाढतं आणि लिडोकेनसारखी औषधं त्याला जास्त चिकटतात, म्हणजे एकीकडे दावणी घटतात आणि दुसरीकडे वाढतात. म्हणून द्रवाचा परिणाम आणि दुखापतीचा परिणाम वेगळा काढायला प्राण्यांवर तुलना करतात. एका गटाला द्रव, दुसऱ्याला स्वतःचंच रक्त परत, तिसऱ्याला नुसतं सलाईन. बरंचसं ज्ञान अशा उंदरांवरच्या प्रयोगांतून आलंय, आणि उंदराचं यकृत म्हणजे माणसाचं यकृत नव्हे.

मेदपिशव्यांतल्या हिमोग्लोबिनबद्दल आशा वाटते ती याचमुळे. ते पिशवीत बंद असल्याने नायट्रिक ऑक्साइड कमी टिपतं आणि रक्तद्रवाशी त्याचा थेट संबंध कमी येतो. जपानच्या नारा मेडिकल युनिव्हर्सिटीत ते पहिल्यांदा माणसांना दिलं गेलं. १२ निरोगी स्वयंसेवक होते, चार-चारांचे तीन गट, १०, ५० आणि १०० मिलिलिटर अशा मात्रा. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी सुरक्षिततेची होती आणि पाच लिटर रक्ताच्या मानाने मात्रा लहान. फेनिटॉइन घेणारा, टॅक्रोलिमस घेणारा, लिटरभर रक्त गेलेला माणूस त्या चाचणीत नव्हता, असूही शकत नव्हता.

तो माणूस समोर येईल तेव्हा त्याच्या नोंदीत द्रवाचं नाव, दिलेलं प्रमाण आणि वेळ ही तिन्ही औषधांच्या यादीशेजारीच लिहिलेली हवीत. आणि शक्य असेल तर पहिली पिशवी लावण्याआधी त्याच्या स्वतःच्या रक्ताची एक नळी काढून ठेवायला हवी, म्हणजे पुढच्या प्रत्येक आकड्याशी तुलना करायला काहीतरी हाती असेल.